टीव्हीवरची जाहिरात: मिस्ड कॉल की क्यूआर कोड?

घरगुती मसाल्यांची जाहिरात टीव्हीवर द्यायची, पण गिऱ्हाइकाने प्रतिसाद द्यायचा कसा, असं एका ताईंनी विचारलं. ब्रिटनमध्ये स्काय या उपग्रह टीव्ही कंपनीचा सेट-टॉप बॉक्स टेलिफोन लाइनला जोडलेला असायचा, म्हणून तिथे 2000 च्या सुमारास जाहिरात चालू असताना रिमोटचं लाल बटण दाबून माहिती मागवता येऊ लागली. आपल्याकडची डीटीएच सेवा मुळात एकतर्फी. छत्रीतून सिग्नल येतो, परत जात नाही. उत्तर फोनवरूनच येणार: दिलेल्या नंबरला मिस्ड कॉल देऊन, नाहीतर पडद्यावरचा क्यूआर कोड स्कॅन करून.

आता प्रेक्षकाचा त्रास बघा. दहा सेकंदांच्या जाहिरातीत कोड दिसला की फोन शोधा, कॅमेरा उघडा, उठून पडद्याजवळ जा. तोवर मालिका पुन्हा सुरू! नंबर मात्र कॅलेंडरच्या कोपऱ्यात टिपून ठेवता येतो आणि बटणांच्या साध्या फोनवरूनही लागतो. मोबाइलवरच टीव्ही बघणाऱ्याने तर स्वतःच्याच पडद्यावरचा कोड स्कॅन करायचा कसा?

खर्चात चित्र उलटं. कोड जवळपास फुकट बनतो आणि गिऱ्हाइकाला थेट ऑर्डरच्या पानावर नेतो. मिस्ड कॉल आला की उलट फोन करायला माणूस लागतो. हे काम बरेच जण हिशेबात धरत नाहीत आणि आलेलं गिऱ्हाईक तिथेच निसटतं.

गिऱ्हाईक तरुण, यूपीआय वापरणारं असेल तर कोड घ्या, पण तो पडद्याखालच्या पट्टीत बराच वेळ राहू द्या. गिऱ्हाईक वयस्क असेल, बोलून-विचारून घेणारं असेल, तर मिस्ड कॉल. ताईंचा माल आठवडी बाजारात खपतो, त्यांनी नंबरच द्यावा.