लोडसेलची वायर कापायची की क्लॅम्पमध्ये ठेवायची?

हळद पॉलिश करणाऱ्या एका गिऱ्हाइकाकडे आमचा काटा होता. पॉलिशच्या ड्रमाचा व्हीएफडी (मोटरचा वेग कमीजास्त करणारा ड्राइव्ह) चालू झाला की आकडा नाचायचा. "अहो, पोतं ठेवलं नाही आणि तुमचा काटा तीस ग्रॅम दाखवतोय," असे फोन यायचे. तिथून आम्ही आयईसी ६१०००-४-६ च्या मागे लागलो; वायरीतून शिरणारा रेडिओ फ्रिक्वेन्सीचा गोंगाट उपकरण सोसतं का, हे तपासायचं ते स्टँडर्ड. दर वेळी काटा गाडीत घालून सांगलीहून पुण्याच्या लॅबला नेणं परवडेना. मग कुपवाडच्या शेडमध्येच टेबलभर ॲल्युमिनियमचा पत्रा ठोकला, काट्याखाली दहा सेंटीमीटरचा थर्मोकोल ठेवला आणि गाडी अडली ती सीडीएन (वायरीच्या मध्ये जोडून तिच्यात टेस्टचा सिग्नल सोडणारा डबा) घ्यायचे की ईएम क्लॅम्प (न कापलेल्या वायरीला बाहेरून धरून तेच काम करणारा) यावर.

कागदावर सीडीएनच सरस. स्टँडर्डही आधी त्याचाच विचार करायला सांगतं. टेस्टला लागणारा १५० ओहमचा इम्पीडन्स पक्का मिळतो, पलीकडच्या उपकरणाकडे जाणारा सिग्नल तो अडवतो आणि ॲम्प्लिफायर लहान पुरतो. १० व्होल्टच्या टेस्टला, ८० टक्के मॉड्युलेशन आणि ६ डीबीचा ॲटेन्युएटर धरून, सीडीएनला ७ वॅट लागतात, ईएम क्लॅम्पला २८. साध्या करंट क्लॅम्पला (५:१) तर १७६. त्याचा विषय मी तिथेच सोडला. मेन्सच्या वायरीला माझ्याकडे आजही एम-३ (तीन तारांचा) सीडीएनच आहे. सकाळचा निकाल संध्याकाळी तसाच येतो. तिथे दुसरं काही घ्या, असं मी म्हणणार नाही.

खरी भानगड लोडसेलच्या, म्हणजे काट्यातल्या वजन जोखणाऱ्या सेन्सरच्या, वायरीची. मध्ये सीडीएन बसवायचा म्हणजे वायर कापून दोन्ही तोंडांना कनेक्टर लावणं आलं. चार तारांच्या लोडसेलची वायर कापू नका, असं बनवणारेच सांगतात, कारण त्या लांबीचा रेझिस्टन्स धरूनच तो कॅलिब्रेट केलेला असतो. कापली की स्पॅन (ठरलेल्या वजनाला मिळणारा आकडा) सरकतो, मग वजनं काढा आणि पुन्हा कॅलिब्रेशन करा. हेही एकवेळ सोसलं असतं. पण शिल्डची जाळी उलगडून, पिळून, तिची इंचभर शेपटी करून मी ती पिनेला सोल्डर केली, आणि २३ मेगाहर्ट्झच्या आसपास २०.०० किलोचे २०.०७ झाले. आमचा काटा दहा ग्रॅमचा, म्हणजे चक्क सात घरं. दोन आठवडे मी इंडिकेटरच्या बोर्डावर कपॅसिटर बदलत बसलो. शेवटी एक क्लॅम्प भाड्याने आणला, त्यात न कापलेली वायर ठेवली, तर आकडा जागचा हलेना.

आता कोणी म्हणेल, क्लॅम्पमधून सिग्नलच कमी गेला असेल. मलाही तीच शंका आली, म्हणून ती कापलेली, शेपटीवाली वायरही क्लॅम्पमध्ये ठेवून पाहिली. आकडा पुन्हा नाचला. नापास काटा होत नव्हता, माझी शेपटी होत होती.

क्लॅम्पचे जाच नाहीत असं नाही. जवळजवळ दोन फूट लांब, जड, आणि वायर पत्र्यापासून किती उंच, कशी पसरली यावर निकाल थोडा हलतो. दहा मेगाहर्ट्झच्या खाली सिग्नल दोन्हीकडे पळतो. दुसऱ्या टोकाला नुसता लोडसेल असेल तर एवढं बिघडत नाही; पण प्रिंटर असेल तर नक्की कोण अडखळलं हे कळत नाही. त्या वायरीला सीडीएनच बरा. अप्रूव्हलसाठी माल पाठवणार असाल तर लॅब त्या वायरीवर काय लावणार, हे आधी विचारून घ्या.

तुमच्या मालाला एकदोनच ठरलेल्या वायरी असतील तर सीडीएनवर भागेल. आमच्याकडे मात्र आज चार तारांचा लोडसेल, उद्या सहा तारांचा, परवा जंक्शन बॉक्स. प्रत्येक जातीच्या वायरीला वेगळा सीडीएन घेतला तर कपाट भरेल आणि गल्ला रिकामा होईल. म्हणून मी क्लॅम्प विकतच घेतला.

फक्त त्यावरचा बाण बघा, तो काट्याकडे हवा. पहिल्याच आठवड्यात मी तो उलटा ठेवला होता. वरच्या फ्रिक्वेन्सीला काटा असा काही पास झाला की पोरांनी पेढे मागवले होते.