एफएमटी: जुन्या सीमेकलाही सांभाळून घेणारी लायब्ररी

मी मोजमापाच्या यंत्रांवर चालणारं सी प्लस प्लस सॉफ्टवेअर सांभाळते. यंत्र एकदा तपासून मंजूर झालं की त्याची ऑपरेटिंग सिस्टिम वर्षानुवर्षं बदलता येत नाही. आमच्या बिल्ड मशीनवर आजही उबुंटू १८.०४ आहे आणि त्याच्यासोबत आलेला सीमेक ३.१०.२ (सीमेक म्हणजे कोड कसा बिल्ड करायचा ते ठरवणारं साधन). त्यामुळे नवी लायब्ररी घेताना फीचर्स मी नंतर वाचते. आधी तिची सीमेकची फाइल उघडते.

एफएमटी ही मजकूर फॉरमॅट करणारी लायब्ररी. सी प्लस प्लस २० मधलं फॉरमॅटिंग हिच्यावरूनच आलं. कामात ती उत्तम आहेच, त्यावर वेगळं लिहायची गरज नाही. मी वापरते त्या ११ व्या मालिकेत किमान सीमेक ३.८ मागितला आहे आणि त्यापुढे तीन टिंबं देऊन ३.२८ लिहिलं आहे. म्हणजे ३.८ पासून पुढे काहीही चालेल, आणि सीमेक जितका नवा तितक्या नव्या पॉलिसी, म्हणजे सीमेकने जुनं वागावं की नवं ते ठरवणारे नियम, लागू होतील, ३.२८ पर्यंत.

ही टिंबांची सोय सीमेक ३.१२ मध्ये आली. त्याआधीचा सीमेक टिंबांपुढचा आकडा सोडून देतो. अडत नाही, पण ३.८ च्याच पॉलिसी धरून बसतो. एफएमटीने त्यासाठी वेगळी अट लिहिली आहे: सीमेक ३.१२ पेक्षा जुना असेल तर त्याच्या स्वतःच्या आवृत्तीच्या पॉलिसी लावा. काम दोन-चार ओळींचं. पण आमच्यासारख्या ३.१०.२ वाल्यांचा विचार कुणीतरी केला, याचं मला मनापासून कौतुक वाटतं.

३.८ हा आकडाही मला पटतो. ‘निदान सी प्लस प्लस ११ हवं’ असं टार्गेटवर, म्हणजे बिल्ड होणाऱ्या लायब्ररीवर किंवा प्रोग्रामवर, एकाच फीचरच्या नावाने लिहिता येणं त्याच आवृत्तीपासून सुरू झालं. त्याहून खाली उतरायचं तर या सोयीशिवाय काम भागवावं लागतं, आणि तेवढी अपेक्षा फुकट काम करणाऱ्यांकडून मी करणार नाही.

नव्या गोष्टीही अडलेल्या नाहीत. मॉड्यूल्ससाठीचा (सी प्लस प्लस २० मधली हेडरऐवजी कोड आयात करायची पद्धत) सीमेकचा आधार ३.२८ किंवा पुढची आवृत्ती असेल तरच वापरला जातो. जुन्या मशीनला त्याची झळ लागत नाही. आपल्या प्रोजेक्टच्या आत सबडिरेक्टरी म्हणून घेतली तर एफएमटीच्या टेस्ट आपोआप बंद राहतात. हे ओळखायला सीमेक ३.२१ मध्ये तयार व्हेरिएबल आलं, पण इथे दोन डिरेक्टरींची तुलना करून जुन्या सीमेकवरही तेच साधलं आहे.

हे इतकं बारकाईने लिहायचं कारण आहे. दुसऱ्या एका लायब्ररीने एका किरकोळ आवृत्तीत किमान सीमेक एकदम पुढे नेला. आम्हाला हवी असलेली सुरक्षेची दुरुस्ती नेमकी त्याच आवृत्तीत होती. शेवटी ती हाताने मागच्या कोडमध्ये बसवावी लागली, आणि तपासणी पुन्हा पहिल्यापासून. उलट टोकही त्रासाचंच: २०२५ मध्ये आलेल्या सीमेक ४.० ने ३.५ च्या आधीची सुसंगतता काढून टाकली, त्यामुळे कित्येक वर्षं हात न लावलेल्या ‘किमान २.८’ वाल्या लायब्ररी कॉन्फिगर होतानाच, म्हणजे बिल्डची तयारी चालू असतानाच, थांबतात. एफएमटीला दोन्हींचा त्रास नाही.

उणीव एकच सांगेन, आणि ती या पद्धतीचीच आहे. एकच फाइल ३.१० वर आणि ३.२८ वर वेगवेगळ्या पॉलिसींनी चालते, म्हणून नव्या लॅपटॉपवर बिल्ड झालं याचा अर्थ जुन्या मशीनवर होईलच असा नाही. आवृत्ती बदलताना दोन्हीकडे बिल्ड करून पाहा.

उबुंटू १६.०४ वर असाल तर तिथला सीमेक ३.५.१ अपुरा पडेल. तिथे एफएमटी हेडर-ओन्ली पद्धतीने, म्हणजे वेगळी बिल्ड न करता थेट आपल्या कोडसोबत, घ्या: एक मॅक्रो डिफाइन करायचा आणि इन्क्लूडचा पाथ द्यायचा, लायब्ररीच्या सीमेक फाइलला हातच लावायचा नाही. कंपाइलला वेळ थोडा जास्त लागतो.