दोनशे रुपयांच्या आतलं फीलर गेज, पल्सरचं गेलेलं पिकअप आणि थोडं प्लगपुराण

आधी निकाल सांगतो म्हणजे ज्यांना घाई आहे ते इथूनच परत जातील. गाडी कार्बोरेटरवाली आहे, थोडी जुनी झालीय, आयडलला बरी चालते पण रेस पिळली की झटके मारते, अशांनी फीलर गेज, म्हणजे स्पार्क प्लगच्या टोकांमधलं अंतर मोजायचं साधं हत्यार, घरात ठेवावंच. तारेचं मिळालं तर तारेचं घ्या, नाही मिळालं तर पात्यांचं घ्या, पण ते नाण्यासारखं गोल कीचेनवालं फुकट मिळालं तरी घेऊ नका. माझ्याकडे तिन्ही आहेत, तिन्ही वापरलीत, त्यामुळे हे ऐकीव नाही.

गाडी पल्सर १५० डीटीएस-आय, कार्बोरेटरवाली. रोजचं हडपसर साईडचं रनिंग आणि अधूनमधून सासवडला गावी. गाडीची तक्रार अशी की सिग्नलला उभी असताना एकदम शांत, गावात तिसऱ्या गिअरला हळूहळू चालवली तरी काही नाही, पण दिवे घाटात डबल सीट असताना पूर्ण रेस दिली की इंजिन भरल्यासारखं व्हायचं, बुर्र बुर्र करत अडखळायचं आणि रेस जरा कमी केली की परत सुतासारखी सरळ. एका गॅरेजवाल्या भाऊंनी गाडीवर न बसता, प्लग न काढता, नुसता आवाज ऐकून कार्बोरेटर किट, क्लच प्लेट आणि वर चेन सेट असा मोठा कागद हातात दिला. चेन सेटचा आणि मिसिंगचा (म्हणजे ठिणगी चुकून बसणाऱ्या झटक्यांचा) काय संबंध हे मला अजून कळलेलं नाही. तर म्हटलं, आधी सगळ्यात स्वस्त गोष्ट बघू, म्हणजे प्लग, आणि त्यासाठी गेज घेतलं.

आता हे नीट समजून घ्या, कारण गेज का लागतं ते यात आहे. प्लगच्या मधल्या टोकापासून वरच्या वाकड्या पट्टीपर्यंत ठिणगी उडी मारते, त्या अंतराला गॅप म्हणायचं. दर ठिणगीला दोन्हीकडचा धातू किंचित झिजतो आणि काही हजार किलोमीटरमध्ये गॅप आपोआप वाढत जातो. गॅप वाढला की उडी मारायला जास्त व्होल्टेज लागतं. आणि सिलिंडरमध्ये दाब जितका जास्त तितकं व्होल्टेज अजून जास्त लागतं, हा खरा मुद्दा. आयडलला थ्रॉटल जवळजवळ बंद असतो, आत पेट्रोल-हवेचं मिश्रण कमी जातं, दाब कमी, त्यामुळे झिजलेला प्लगसुद्धा काम भागवतो. पण घाटात पूर्ण रेस दिली की सिलिंडर भरभरून भरतो, दाब वाढतो, प्लगला व्होल्टेज पुरवणाऱ्या कॉइलची ताकद कमी पडते आणि मधल्या मधल्या ठिणग्या गाळल्या जातात. म्हणून गाडी उभी असताना मेकॅनिकला काहीच सापडत नाही आणि आपण चढावर लागलो की लगेच रडते. उलट गॅप फारच कमी असेल तर ठिणगी पडते पण इतकी आखूड की मिश्रण नीट पेटत नाही, मग आयडलच खडबडीत होतं आणि थंड इंजिनला चोक लावूनही गाडी कुरकुरते.

पल्सरमध्ये अजून एक गंमत आहे. २००३ मध्ये बजाजने डीटीएस-आय आणलं तेव्हापासून या गाडीत एका सिलिंडरला दोन प्लग. दोन्हीकडून आग लागते आणि मिश्रण लवकर जळतं, आयडिया मस्तच. पण त्यामुळे एक प्लग अर्धमेला झाला तरी गाडी बंद पडत नाही, दुसरा एकटा ओढून नेतो. आग एकाच बाजूने सुरू होऊन लांब जाते, जळायला वेळ जास्त लागतो, पिकअप मंदावतं, ॲव्हरेज पडतं, आणि मालकाला वाटतं गाडी म्हातारी झाली. एका प्लगवाली गाडी असती तर रस्त्यात बंद पडून तिने निदान सांगितलं तरी असतं. त्यात एक प्लग सहज दिसतो आणि दुसरा आत खोबणीत, लांब प्लग पान्याशिवाय निघत नाही, मग बऱ्याच सर्व्हिसिंगमध्ये दिसणाराच साफ होतो आणि आतला तसाच राहतो. तुमच्याकडे दोन प्लगवाली गाडी असेल तर पुढच्या वेळी समोर उभं राहून विचारा, "भाऊ, आतला पण काढला का?"

गेजकडे येतो. पात्यांचं जे सेट मिळतं त्यात साधारण ०.०५ पासून १.०० मिलिमीटरपर्यंतची पाती एका खिळ्यावर पंख्यासारखी असतात, प्रत्येकावर जाडी कोरलेली. माझं दोनशेच्या आत आलं, नाना पेठेतून. स्टील चांगलं आहे, आकडे कोरलेले आहेत, छापलेले नाहीत, हे बघूनच घ्या कारण छापलेले आकडे तेलाच्या हाताने दोन महिन्यात पुसले जातात आणि मग सगळी पाती सारखीच दिसतात. वर हलकं तेल लावलेलं असतं ते पुसून टाकू नका, पाती गंजली की जाडी बदलली. अजून एक फायदा म्हणजे ०.०५ आणि ०.१० ची बारीक पाती टॅपेट सेटिंगला (व्हॉल्व्हची फट लावायला) पण लागतात, म्हणजे एका पैशात दोन कामं. पण ही बारीक पाती फार नाजूक, माझं ०.०५ चं पातं कोपऱ्यात दुमडलंच. या किमतीत एवढं चालायचं.

पात्याचा खरा प्रॉब्लेम वेगळाच आहे. नवीन प्लगची दोन्ही टोकं सपाट असतात तिथे पातं एकदम बरोबर माप देतं. जुन्या प्लगच्या पट्टीला आतून खळगा पडलेला असतो, आणि सपाट पातं त्या खळग्याच्या दोन्ही काठांवर बसतं, खळग्यात उतरतच नाही. म्हणजे गेज म्हणतं ०.८ आणि खरा गॅप त्याहून जास्त. गोल तारेचं गेज खळग्यात बसतं, म्हणून जुन्या प्लगला तारच पाहिजे. तारेच्या गेजला बहुतेक वेळा पट्टी वाकवायची छोटी खाच पण असते, पक्कड शोधायला नको. तारेचं गेज दुकानात पटकन मिळत नाही हे मात्र खरं, दोन-तीन काउंटरवर "काय पाहिजे? तार?" असं ऐकून घ्यायची तयारी ठेवा.

नाण्यासारखं जे मिळतं, ज्याची कड हळूहळू जाड होत जाते, ते दिसायला छान आणि कामाला बेकार. ते फिरवताना मधल्या टोकावर आणि त्याच्या चिनीमातीवर जोर येतो, चिनीमातीला बारीक तडा गेला तर प्लग संपला आणि तडा डोळ्याला दिसतही नाही. इरिडियम प्लगवर तर याचा विचारच करू नका, त्याचं मधलं टोक अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास असतं, मोडलं की एका प्लगच्या पैशात चार साधे आले असते. आणि हो, हॅक्सॉ ब्लेड घालून गॅप बघणारे मेकॅनिक अजून आहेत. ते अगदीच येडे नाहीत, ब्लेड साधारण ०.६५ मिलिमीटर जाड असतं, जुन्या गाड्यांना चालून जायचं. पण माझ्या गाडीला ०.७ ते ०.८ पाहिजे आणि एनजीकेच्या सीपीआर८ईए-९ सारख्या प्लगच्या नावातला शेवटचा ९ म्हणजे ०.९ मिलिमीटर. एकच ब्लेड सगळ्यांना कसं चालेल? आपल्या गाडीचा आकडा मॅन्युअलमध्ये असतो, मित्राच्या गाडीचा वापरू नका.

माझ्या गाडीत काय निघालं तर बाहेरचा प्लग ठीकठाक, रंग तांबूस तपकिरी, ०.८ चं पातं जरा घासत गेलं. आतल्या प्लगमध्ये १.०० चं पातं न घासता आरपार गेलं आणि टोकाच्या कडा गोल झालेल्या. पट्टी हळूच टेकवून टेकवून ०.७५ च्या आसपास आणला (वाकवायची ती फक्त बाहेरची पट्टी, मधल्या टोकाला हात लावायचा नाही), बसवला आणि त्याच घाटात त्याच वजनाला झटके जवळजवळ गेले. जवळजवळ म्हणतोय, कारण गोल झालेल्या कडांवरून ठिणगी तितकी सहज सुटत नाही, गॅप बरोबर केला तरी. मग दोन्ही प्लग नवीन टाकले, शंभर-दीडशेला एक, आणि गाडी मोकळी झाली. नवीन डब्यातले पण मोजले बरं का, त्यातला एक ०.९ निघाला. डब्यातून काढून डायरेक्ट लावणाऱ्यांसाठी सांगतोय.

करताना दोन-तीन गोष्टी सांभाळा. इंजिन पूर्ण थंड झाल्याशिवाय प्लग काढू नका, हेड ॲल्युमिनियमचं आहे, गरम असताना आटे निघून आले तर त्या गॅरेजवाल्या कागदापेक्षा मोठा खर्च येतो. काढायच्या आधी खोबणीत हवा मारा, तिथली माती सरळ सिलिंडरमध्ये पडते. परत बसवताना पाना न लावता बोटांनी शेवटपर्यंत आटे फिरवा, नवीन वॉशर असेल तर त्यानंतर पान्याने साधारण अर्धा फेरा, जुनाच प्लग असेल तर अगदी थोडा, घड्याळातल्या एका तासाएवढा. आणि दोन प्लगपैकी कुठला मेलाय ते बघायला कोणी एक कॅप काढून गाडी चालू करत असेल तर ती कॅप लोंबकळत ठेवू नका, त्यात एक जुना प्लग घालून इंजिनच्या धातूला टेकवा, नाहीतर कॉइलवर ताण येतो आणि हात जवळ असेल तर शॉक पण बसतो.

गेजने सगळं बरं होतं असं मात्र नाही. गॅप बरोबर असूनही झटके येत असतील तर प्लग कॅप आणि वायर बघा, मग एअर फिल्टर, मग कार्बोरेटरचा जेट आणि डायफ्रॅम. प्लगचा रंगच बराचसा रस्ता दाखवतो, कोरडी काळी काजळी म्हणजे पेट्रोल जास्त किंवा हवा कमी, पांढराफटक म्हणजे उलटं किंवा इंजिन जास्त तापतंय, आणि ओला तेलकट असेल तर रिंग नाहीतर व्हॉल्व्ह सील, तिथे मेकॅनिकशिवाय पर्याय नाही. रेस दिल्यावर आवाज वाढतो पण गाडी पळत नाही असं असेल तर तो क्लच, प्लगच्या नादी लागू नका.

एप्रिल २०२० नंतरच्या बीएस-६ इंजेक्शनवाल्या गाड्यांना कार्बोरेटर नाही पण प्लग तोच आणि झिजतो पण तसाच, त्यामुळे गेज तिथेही चालतं. कारवाल्यांनी आधी स्कॅनर लावावा, पी०३०१, पी०३०२ असे कोड आले तर कुठला सिलिंडर मिसफायर करतोय ते थेट कळतं, आणि तशीच गाडी फार दिवस रेटू नका, न जळलेलं पेट्रोल सायलेन्सरच्या वाटेवरचा, धूर साफ करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर खातं आणि त्याची किंमत विचारूच नका.

मार्क द्यायचे तर पात्यांच्या गेजला ५ पैकी ४, एक कापला त्या दुमडलेल्या पात्यासाठी आणि खळग्याच्या भानगडीसाठी. तारेच्या गेजला साडेचार, अर्धा कापला ते शोधायला लागलेल्या फिरफिरीसाठी. नाण्याला १, ते पण कीचेन म्हणून. सोबत १६ नंबरचा लांब प्लग पाना लागेल, गाडीच्या टूलकिटमधला आतल्या प्लगला अर्ध्यातच फिरतो. ज्यांची गाडी अजून वॉरंटीत आहे त्यांनी काही घेऊ नका, सर्व्हिस सेंटरला न्या आणि गॅप किती ठेवला तो आकडा जॉब कार्डवर लिहून मागा.