जुन्या पीसीसाठी सॅमसंग ८७० इव्हो एसएसडी (५०० जीबी) घ्यावी का?

जुनी हार्ड डिस्क जायला आली की पहिला प्रश्न हाच, परत तसलीच फिरणारी घ्यायची का एसएसडी, म्हणजे काहीही न फिरणारी, चिपवर डेटा ठेवणारी. माझं म्हणणं सरळ आहे, विंडोज किंवा लिनक्स ज्या ड्राइव्हवर असणार ती एसएसडीच पाहिजे, कॉम्प्युटर कितीही जुना असूदे, फक्त त्यात सॅटा पोर्ट (डिस्क जोडायची जागा) पाहिजे. मी ही ८७० इव्हो कोअर टू ड्युओच्या (इंटेलचा जुना प्रोसेसर) डेस्कटॉपमध्ये टाकलीये आणि रोज वापरतोय, त्यामुळे हे सगळं वापरून सांगतोय.

बॉक्सवर रीड स्पीड ५६० एमबी पर सेकंद लिहिलाय. जुन्या मशीनवर तेवढा मिळत नाही, मिळणारच नाही. माझ्या मदरबोर्डावर सॅटा टू (सॅटाची जुनी आवृत्ती) आहे म्हणजे सेकंदाला ३ गिगाबिट, त्यातून खरे २७० एमबीच्या आसपास येतात. बरेच जण इथेच म्हणतात मग एवढी चांगली एसएसडी कशाला, अर्धा स्पीड वायाच जाणार ना. पण मशीन रखडतं ते या आकड्यामुळे नाहीच मुळी! फिरणारी डिस्क ७२०० आरपीएमची असली तरी पाहिजे तो सेक्टर (डेटाचा तुकडा) हेडखाली, म्हणजे वाचणाऱ्या टोकाखाली, यायला सरासरी ४ मिलिसेकंद जातात, त्याआधी हेड जागेवर सरकायला अजून ८-१० मिलिसेकंद, म्हणजे इकडेतिकडे विखुरलेला डेटा सेकंदाला शंभरेक वेळाही धड वाचून होत नाही, आणि विंडोज चालू होताना नेमकं हेच करत असतं, हजारो छोटे छोटे तुकडे डिस्कभर शोधत फिरतं. एसएसडीत हे थांबणं ०.१ मिलिसेकंदाच्या आसपास येतं आणि पोर्ट सॅटा टू असला म्हणून त्यात फारसा फरक पडत नाही. म्हणून जुन्या पोर्टवरसुद्धा मशीन एकदम मोकळं झाल्यासारखं वाटतं, ब्राउझर क्लिक केला की उघडतो, बूट झाल्यावर डिस्क १००% वर अडकून बसत नाही.

आता हीच का, स्वस्तातली का नाही. स्वस्त सॅटा एसएसडींमध्ये, उदाहरणार्थ क्रूशियल बीएक्स५०० मध्ये, डीरॅम कॅश, म्हणजे कुठला डेटा कुठे आहे याची नोंद ठेवणारी ड्राइव्हची स्वतःची छोटी मेमरी, नसतो. एनव्हीएमई (नव्या, जास्त वेगवान जोडणीच्या) ड्राइव्हला तो नसला तरी कॉम्प्युटरची थोडी रॅम उसनी घेता येते, सॅटावाल्यांना ती सोय नाही. आणि जुन्या मशीनमध्ये रॅमच मुळात ४ जीबी असते, ती भरली की विंडोज सारखं पेजफाइलमध्ये (रॅमऐवजी डिस्कवरच्या फाइलमध्ये) लिहायला लागतं, वाचायचं आणि लिहायचं एकदमच चालू, आणि डीरॅम नसलेली एसएसडी इथेच अडखळते. ८७० इव्होच्या ५०० जीबीमध्ये ५१२ एमबी कॅश आहे, ५ वर्षं वॉरंटी आणि ३०० टीबी लिहिण्याची मर्यादा. म्हणजे रोज १६० जीबी लिहिलं तरी वॉरंटीभर पुरतं, घरच्या पीसीवर एवढं कोण लिहिणार. बीएक्स५०० ला वॉरंटी ३ वर्षं आहे. फक्त टायपिंग आणि मेल असेल तर तीही चालेल हो, भांडण नाही, पण रॅम कमी असेल तर मी डीरॅमवालीच घ्या म्हणेन.

बसवायला सोपी आहे. जाडी ७ एमएम, काही जुन्या लॅपटॉपचा खण ९.५ एमएमचा असतो तिथे ती हलते, म्हणून स्पेसर लावा. डेस्कटॉपमध्ये २.५ इंचाचा ब्रॅकेट लागतो, तो वेगळा घ्यावा लागतो. विंडोज टाकायच्या आधी बायोसमध्ये (मशीन चालू होतानाच्या सेटिंगमध्ये) सॅटा मोड आयडीईवर (जुनी पद्धत) असेल तर एएचसीआय (नवी पद्धत) करा, नंतर तसाच बदलला तर बूट होताना ब्लू स्क्रीन येऊ शकते. आणि विंडोज एक्सपीवर ही घालू नका, तिथे ट्रिम (डिलीट झालेली जागा एसएसडीला कळवणारी सोय) नाही, ते विंडोज ७ पासून आलं. विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपलाय, त्यामुळे जुन्या मशीनवर बरेच जण आता लिनक्सकडे वळतायत, त्यांच्यासाठी एक महत्त्वाचं: जुन्या एएमडी चिपसेटवर सॅमसंगच्या ८६० आणि ८७० चं एनसीक्यूशी (बऱ्याच मागण्या रांगेत लावून पुरवण्याची सोय) जमत नाही, एरर येतात. २०२१ मध्ये लिनक्सच्या कर्नलमध्येच (गाभ्यातच) त्याची तजवीज केलीये, तेव्हा जुनाट कर्नल नको, नवीन डिस्ट्रो (लिनक्सचा तयार संच, उदा. उबुंटू) टाका. अगदीच शंका असेल तर तसल्या बोर्डासाठी दुसऱ्या कंपनीची डीरॅमवाली एसएसडी घ्या. इंटेलच्या बोर्डावर मला काही त्रास नाही.

हजारो फोटो, व्हिडिओ ठेवायचेत तर मात्र सगळ्यासाठी एसएसडी महाग पडते. डेस्कटॉपमध्ये दोन्ही लावा, विंडोज एसएसडीवर आणि साठा फिरणाऱ्या डिस्कवर. नवीन फिरणारी घेताना ती सीएमआर आहे का एसएमआर (डेटा लिहिण्याच्या दोन पद्धती) ते कंपनीच्या डेटाशीटमध्ये बघून घ्या, एसएमआरमध्ये खूप मोठ्या फाइली एकदम टाकल्या की लिहिण्याचा वेग पार बसतो.

आणि क्लोन (जुनी डिस्क जशीच्या तशी नवीवर उतरवणं) करायच्या आधी क्रिस्टलडिस्कइन्फो या डिस्कची तब्येत दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये जुन्या डिस्कचं ०५ (बदलून टाकलेले खराब सेक्टर) आणि सी५ (वाचायला त्रास देणारे सेक्टर) बघाच. सी५ चा आकडा वाढत असेल तर क्लोनिंगच्या नादी लागू नका, आधी कामाच्या फाइली बाहेर काढा आणि एसएसडीवर विंडोज नव्याने टाका. दोन्ही रॉ व्हॅल्यू शून्य असतील तर ती डिस्क फेकून देऊ नका, बॅकअपसाठी अजून कामाला येईल.