इन्स्टंट गिझरवरचे पाच तारे

नाशिकमधील ज्या दुकानातून आम्ही गिझर घेतला त्याचे नाव येथे देत नाही, कारण आमची तक्रार अजून पूर्णपणे निकाली निघालेली नाही. मात्र ज्या युक्तीने तो गिझर आमच्या गळ्यात मारण्यात आला ती अतिशय साधी आहे, आणि थंडीच्या तोंडावर कोणत्याही घरात ती सहज खपून जाईल, म्हणून ती तपशिलाने मांडत आहे.

आम्हाला १५ लिटरचा साठवणीचा गिझर हवा होता. विक्रेत्याने तो दाखवलाही, पण लगेच त्याच्या शेजारी ३ लिटरचा, ३००० वॅटचा इन्स्टंट गिझर ठेवून सांगितले, की साठवणीचा गिझर दिवसभर वीज खातो, हा मात्र पाणी साठवतच नाही, त्यामुळे बिल निम्म्यावर येईल. एरवी इन्स्टंट गिझर साठवणीच्या गिझरपेक्षा बराच स्वस्त मिळतो. हा जवळजवळ त्याच किमतीला होता. कारण विचारल्यावर त्याने खोक्यावरचे आणि गिझरवरचे पाच ताऱ्यांचे लेबल दाखवले. ‘फाइव्ह स्टार आहे, म्हणून महाग,’ असे त्याचे म्हणणे होते, आणि ते त्याने अंदाजपत्रकाच्या कागदावर स्वतःच्या हाताने लिहूनही दिले.

ते लेबल बनावट होते. विजेच्या गिझरसाठी ऊर्जा दक्षता ब्यूरोची, म्हणजे बीईईची, तारांकन योजना आहे ती साठवणीच्या, ६ लिटरपासून पुढच्या गिझरसाठी. त्यात तारे ठरतात ते तापलेले पाणी टाकीत तसेच ठेवले असता २४ तासांत किती वीज वाया जाते यावरून. ज्या यंत्रात पाणी साठवून ठेवण्याचा प्रश्नच नाही, त्याचा असा अपव्यय मोजणार कसा? तीन लिटरच्या इन्स्टंट गिझरवर पाच तारे दिसले, तर पुढचे काही न ऐकता दुकानाबाहेर पडावे.

‘निम्म्या बिला’चा दावाही असाच पोकळ आहे. हिवाळ्यात आमच्या गच्चीवरच्या टाकीतले पाणी सकाळी १५ अंशांच्या आसपास असते. वीस लिटरची बादली ४० अंशांपर्यंत तापवायची तर सुमारे ०.६ युनिट वीज लागतेच, मग यंत्र कोणतेही असो. फरक पडतो तो फक्त टाकीतून निघून जाणाऱ्या उष्णतेचा, आणि आंघोळीपूर्वी अर्धा तास बटण लावून नंतर बंद करणाऱ्या घरात तो अगदी किरकोळ असतो. उलट ३००० वॅटमध्ये २५ अंश तापमान वाढवायचे तर मिनिटाला पावणेदोन लिटरपेक्षा जास्त पाणी मिळूच शकत नाही. म्हणजे एका बादलीला जवळपास बारा मिनिटे. नळ मोठा सोडला की पाणी कोमट, लहान केला की बारीक धार, हे आम्ही पहिल्याच आठवड्यात अनुभवले. आमच्या वयस्कर आईला त्या धारेखाली कुडकुडत बसावे लागले, हे मात्र कोणत्याही हिशेबात बसत नाही. १५ लिटरच्या टाकीतले पाणी ६० अंशांपर्यंत तापवून थंड पाण्यात मिसळले, तर आंघोळीजोगे सुमारे २७ लिटर पाणी एका दमात मिळते. इन्स्टंट गिझर वाईट नव्हे. स्वयंपाकघरात भांडी घासायला तो उत्तम. आम्हाला तो शॉवरसाठी म्हणून विकण्यात आला होता.

दुकानाच्या फिटरने तो गिझर बाथरूमबाहेरच्या साध्या ६ अँपिअरच्या सॉकेटला प्लग बदलून जोडून दिला. ३००० वॅटला १३ अँपिअर प्रवाह लागतो. काही दिवसांतच सॉकेटचे प्लास्टिक तपकिरी पडले आणि जळका वास येऊ लागला. आमच्या नेहमीच्या वायरमनने जाड वायर ओढून १६ अँपिअरचा वेगळा पॉइंट काढून दिला, त्याचा खर्च आमच्याच माथी.

तक्रार घेऊन गेल्यावर विक्रेत्याने बदल्यात गॅस गिझर देऊ केला. ‘त्यात पाणी भसाभसा येते,’ हे त्याचे शब्द खरे होते. पण बंद बाथरूममध्ये गॅस गिझर लावल्यास हवा अपुरी पडून कार्बन मोनॉक्साइड साचतो, त्याला रंग नाही, वास नाही, आणि अशा बाथरूममध्ये माणसे दगावली आहेत. आमच्या बाथरूमची खिडकी वीतभर आहे, हे त्याच्या फिटरने पाहिले होते.

आम्ही राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार नोंदवली. त्यानंतर दुकानाचा माणूस ‘चेकिंग’साठी आला आणि कव्हर उघडण्याआधी नखाने लेबल सोलू लागला. सुदैवाने लेबलचे, अनुक्रमांकाचे आणि त्या अंदाजपत्रकाचे फोटो आधीच काढून ठेवले होते. उत्पादक कंपनीनेही लेखी कळवले, की या मॉडेलवर आम्ही तारांकनाचे लेबल लावत नाही.

दुकानात उभे असतानाच दोन गोष्टी तपासता येतात. बीईईच्या स्टार लेबल ॲपमध्ये मॉडेल शोधता येते, आणि आयएसआय चिन्हाखालचा सीएम/एलने सुरू होणारा परवाना क्रमांक बीआयएस केअर ॲपमध्ये घालून पाहता येतो. पक्के बिल नावासह, मॉडेल क्रमांकासह घ्यावे. आमच्या पहिल्या बिलावर केवळ ‘गिझर, १ नग’ असे होते आणि दुरुस्त बिल मिळवताना बरीच हुज्जत घालावी लागली.

हेल्पलाइनच्या पाठपुराव्यानंतर गिझरची किंमत परत मिळाली. बसवणावळ आणि वायरिंगचा खर्च द्यायला दुकानदार तयार नाही, त्यासाठी जिल्हा ग्राहक आयोगाकडे अर्ज केला आहे.