पोलवरचा चंदेरी पाइप आणि ठेकेदाराची हातचलाखी

दापोलीकडच्या आमच्या घराला पोलवरून उघडी सर्व्हिस वायर यायची. मधे आंब्याचं झाड. पावसाळ्यात फांदी पडली की वायर तुटायची आणि घर अंधारात. म्हणून वायर जमिनीखालून घ्यायचं ठरलं. पोलला जीआय (जस्ताचा थर दिलेला लोखंडी) पाइप, त्यातून केबल खाली आणि चरातून थेट मीटरच्या पेटीपर्यंत.

ठेकेदार ओळखीतूनच आला. बोलायला एकदम गोड. ‘काका, तुम्ही काही बघू नका, सगळं माझ्यावर सोडा.’ ३८,००० सांगितले, त्यातले ९,५०० ‘वीज कंपनीत भरायचे’ म्हणून रोख आणि आगाऊ घेतले. पावती विचारली की ‘ऑनलाइन येते’.

खणायला लागल्यावर दुपारी ‘काका, कातळ लागला’. आमच्याकडे जांभा कुठेही लागतो, त्यामुळे वाद घालायची सोयच नाही, आणि हे त्याला पक्कं ठाऊक. फोडणावळीचे वर ६,००० घेतले. संध्याकाळी चर बुजवून माती सारखी केलेली आणि पोलवर पाइप चकाकतोय.

जुलैत मीटरच्या पेटीत पाणी आलं. वरून नाही, केबल जिथून आत शिरते त्या भोकातून. दुसरा वायरमन बोलावला. त्याने आधी पोलकडे पाहिलं. पाइपाचं वरचं तोंड सरळ आभाळाकडे उघडं! तिथे खाली वळलेला बेंड हवा आणि केबलभोवतीची फट बंद केलेली हवी. घर रस्त्याच्या खाली, तेव्हा पाऊस पाइपातून आमच्या भिंतीपर्यंत चालत आला.

मग लाइन रीतसर बंद करून घेऊन तो शिडीवर चढला आणि पाइपावर किल्लीने ओरखडा काढला. चंदेरी रंगाचा पापुद्रा निघाला, खाली राखाडी प्लास्टिक. लोहचुंबक लावला तर चिकटेना. खाली मात्र पुरुषभर उंचीपर्यंत खराखुरा जीआय. जिथवर माणसाचा हात पोचतो तिथवर लोखंड आणि वर रंगवलेलं पीव्हीसी! तो जीआयही ‘ए क्लास’चा, म्हणजे हलका. ठरला होता ‘बी क्लास’. नव्या पाइपावर रंगाचा पट्टा असतो, ए क्लासला पिवळा, बी ला निळा, सी ला लाल. यानं पट्ट्यावरूनही रंग मारलेला. दोन इंची पाइपाची जाडी बी क्लासमध्ये ३.६ मिमी असते, ए मध्ये २.९. सहा मीटरची बी क्लास नळी साधारण ३० किलो भरते, ए क्लासची साडेचोवीसच्या आसपास. दुकानातून वजन करूनच घ्या.

चर उकरला तर केबल वीतभर खाली, विहिरीच्या पंपाला लावतात तसल्या काळ्या पाइपात. लो टेन्शन, म्हणजे घरगुती पुरवठ्याच्या दाबाची केबल ७५ सेंटीमीटर खोल घालतात, खालीवर वाळू, त्यावर विटा आणि इशाऱ्याची पट्टी. इथे वाळू नाही, वीट नाही आणि ज्याच्या नावाने पैसे घेतले तो कातळही नाही, नुसती माती. त्या जागी सुपारीची रोपं लावायचं घाटत होतं, म्हणजे कुदळीचा पहिलाच घाव केबलवर.

सगळ्यात वाईट पुढेच होतं. आमच्या केबलवर दर मीटरला लांबीचा आकडा छापलेला होता. केबल अखंड असती तर पोलकडचा आणि मीटरकडचा आकडा वजा करून चराची लांबी यायला हवी. आमचा हिशेब शेकड्यांनी चुकत होता. ओढून काढल्यावर कळलं, दोन्ही टोकांना आर्मर्ड, म्हणजे आत धातूचं कवच असलेली केबल, मधे बिनआर्मरची, आणि दोन्ही सांधे नुसत्या टेपने गुंडाळलेले. ते पाण्यात भिजत पडले होते.

वीज कंपनीच्या कार्यालयात चौकशी केली तर आमच्या नावाचा अर्जच नव्हता. ठेकेदाराने परवान्याची झेरॉक्स दाखवली होती, त्यावर नाव भलत्याचंच.

काम नव्याने करून घेतलं. अर्ज केला, कोटेशन आलं ते भरलं, पावती घेतली. ठेकेदार सरकारी परवान्याचा पाहिला आणि चर बुजवण्याआधी टेप लावून खोलीचे फोटो काढले. चांगला ठेकेदार त्याला हरकत घेत नाही. पहिल्याला नोटीस गेली तेव्हा ९,५०० मुकाट्याने परत आले, बाकीच्या पैशांवर तो ‘कातळा’चंच तुणतुणं वाजवतोय. जिल्हा ग्राहक आयोगात ५ लाखांपर्यंतच्या तक्रारीला शुल्क लागत नाही. तिथे जाताना पाइपाचा तो रंगवलेला तुकडा, सांध्यांचे फोटो आणि त्याचे व्हॉट्सअॅप निरोप बरोबर न्यायचे आहेत. ‘कातळ लागला, सहा पाठवा’ हा निरोपही त्यात आहे.