गरम फरशी: विजेची की पाण्याची?

सातारा शहरात याची गरज नाही, जाजम पुरतं. प्रश्न महाबळेश्वर-पाचगणीचा. तिथे कडाक्याच्या थंडीत वेण्णा तलावाकाठी दवबिंदू गोठतात आणि सकाळी फरशीवर पाय ठेववत नाही.

विजेची जाळी, म्हणजे तापणाऱ्या तारांची चटई, टाइल्सखालच्या मसाल्यातच बसते. जाडी जेमतेम 3-4 मिलिमीटर, त्यामुळे जुन्या घरात दारं तासावी लागत नाहीत. तापते लवकर, पण वीज खाते: चौरस मीटरला 150 वॅट धरले तर 10 चौरस मीटरची खोली सलग चार तासांत 6 युनिट ओढते.

दुसऱ्या पद्धतीत पाइपांची वेटोळी कोब्यात गाडून 35-45 अंशांचं पाणी फिरवतात. कोबा तापायला काही तास लागतात, मग मात्र ऊब टिकते. इतक्या कोमट पाण्याला हीट पंप (बाहेरच्या हवेतली उष्णता खेचून पाणी तापवणारं यंत्र) उत्तम. सोलर हिवाळ्यात साथ देतो, पावसाळ्यात नाही, आणि खरी ओल तेव्हाच! कोबा ओतण्याआधी पाइपांत दाब भरून गळती तपासाच, नंतर फरशी फोडावी लागते.

शनिवार-रविवारी उघडणाऱ्या बंगल्यात जाळीच घाला, तीही आई-बाबांच्या खोलीपुरती. बारमाही राहतं घर नव्याने बांधत असाल तर पाइपच. दोन्हींत खाली इन्सुलेशन, म्हणजे उष्णता अडवणारा थर, हवंच, नाहीतर बरीच ऊब जमिनीतच मुरते.